चटई मोजता, तसे आकाशही मोजा

प्रति,
महाराष्ट्र शासनाचा नगर विकास विभाग आणि राज्यातील महानगरपालिकांची नगररचना खाती येथे विकास नियंत्रण नियमावली लिहिणारे, तिच्यात दुरुस्त्या करणारे आणि तिच्यावर सही करणारे सर्व अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

मी आर्किटेक्ट आहे. गेली चोवीस वर्षे मुंबईत आणि ठाण्याच्या बाजूला राहत्या इमारतींचे नकाशे काढतो. आमच्या व्यवसायातली माणसे तुमच्या टेबलाशी येतात ती बहुधा काहीतरी माफ करून घ्यायला. सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) थोडे कमी चालवून घ्या, उजेड-वाऱ्याचा डक्ट थोडा लहान घ्या, प्रीमियम (सवलतीचे पैसे) भरतो. मी आज उलट मागणे घेऊन आलो आहे. आम्हाला आणखी कडक अटी घाला. फक्त त्या घरात राहणाऱ्या माणसाच्या कामाच्या असू द्या.

हे वाचून माझे काही व्यवसायबंधू रागावतील. नियम नसते, बजेटची ओढ नसती, प्लॉट सरळ चौकोनी असता तर आपण काय काय करून दाखवले असते, हे आमच्यात कायम बोलले जाते. मीही बोललो आहे. पण माझ्या हातून जे थोडे बरे काम झाले ते मोकळ्या मैदानावर झालेले नाही.

काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका जुन्या सोसायटीचा पुनर्विकास माझ्याकडे आला. प्लॉटच्या एका अंगाला जुनी विहीर आणि तिच्या काठावर पिंपळ. सर्वसाधारण सभेत सभासदांनी ठराव केला, विहीर बुजवायची नाही आणि पिंपळाला हात लावायचा नाही. पहिला आठवडा मी वैतागलेला होतो. मधे लिफ्ट आणि चारी बाजूंना फ्लॅट हा ठरलेला मजला तिथे काही केल्या बसेना. शेवटी इमारत विहिरीला वळसा घालून कोनात फिरवली. फिरवल्यावर दिसले की प्रत्येक मजल्याचा पॅसेज एका टोकाला उघडा पडतो आणि समोर पिंपळाचा शेंडा येतो. भर दुपारी दिवा न लावता चालता येईल असा पॅसेज मी त्याआधी एकदाही काढला नव्हता. ती कल्पना विहिरीची होती.

त्याच कामात दुसरी गोष्ट घडली. सगळ्या फ्लॅटना पश्चिमेला पाच फूट खोल गॅलरी दिली होती. सोसायटीतल्या एक आजी नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे माझं वाळवण होईल, आणि दुपारचं ऊन हॉलमध्ये येणार नाही." गॅलरी कशासाठी असते हे मला पाच वर्षांच्या कॉलेजात इतक्या थोडक्यात कुणी सांगितले नव्हते. पण गॅलरी एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर एकूण किती बांधता येईल याच्या हिशेबात, धरली जाते. पाच फुटांची पट्टी मजल्यागणिक धरली की तेवढे विकायचे क्षेत्र घटते, आणि विकासकाच्या ताळेबंदात ती टिकली नाही. तिच्या जागी सरकत्या काचा आल्या. आता मे महिन्यात त्या काचांना आतून जाड पडदे असतात आणि बाहेरून हिरवी शेडनेट. आजींच्या हॉलमध्ये एसी बसला आहे.

विहीर ही अट होती आणि एफएसआय हीही अटच. एकीने इमारत सुधारली, दुसरीने बिघडवली. तेव्हापासून मी अट आली की आधी एकच गोष्ट बघतो, ती कशाचे माप घेते आहे.

आपल्या मुंबईने एकेकाळी फार चांगले माप घेतले होते. १८९६ मध्ये प्लेग आला. चाळींच्या कोंदट, अंधाऱ्या खोल्यांकडे सगळ्यांचे लक्ष गेले आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. ढोबळमानाने तो असा: खिडकीपासून समोरच्या बांधकामाच्या माथ्याकडे रेष काढली तर तिने जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करू नये. भूमितीत त्याचा अर्थ सरळ निघतो, समोरची भिंत जितकी उंच तिच्या निम्मे तरी अंतर मोकळे राहिले पाहिजे. दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींतून फिरताना तळमजल्याच्या खोलीतही उजेड पोचलेला दिसतो, त्यामागे या विचाराचा हात आहे. खोली किती फुटांची असावी याबद्दल त्या नियमाचे काही म्हणणे नव्हते. त्याला एवढेच हवे होते की खोलीतून आकाशाचा एक तुकडा दिसावा. पुढे कुणी गच्ची पुढे आणली, कुणी गोल बाल्कनी काढली, कुणी जिन्याला उभी जाळी केली. नियमाने आकाश राखले आणि बाकीचे घर काढणाऱ्यावर सोपवले.

चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजेच हा एफएसआय, आपल्याकडे आला तो १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर. ती कल्पना मुळात वाईट नाही. पाणी, गटारे, रस्ते, शाळा यांच्यावर किती भार पडेल याला काहीतरी माप लागतेच. पण हळूहळू तेच एक माप उरले. आमच्या ऑफिसात आज नव्या मुलाला पहिल्या दिवशी काय शिकवले जाते, तर एरिया स्टेटमेंट, क्षेत्रफळांचा तक्ता. सूर्य कुठून उगवतो हे त्याला वर्षभर कुणी विचारत नाही. 'चटई' हा शब्द किती घरगुती आहे पाहा. अंथरून बसण्याएवढी जागा. आपण त्या चटईची काडी न् काडी मोजतो, आणि तिच्यावर बसलेल्याला वारा लागतो का हे नकाशात कुठेच लिहावे लागत नाही.

कंबाला हिलवरची कांचनजंगा इमारत तुम्ही पाहिलेली असणार. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता यांच्यासोबत केलेली, १९८३ मध्ये पूर्ण झालेली. तळात २१ मीटर बाय २१ मीटर, ८४ मीटर उंच आणि आत फक्त ३२ घरे. ती श्रीमंतांची घरे आहेत. तरीही तिचा दाखला देतो, कारण तिच्यापुढची अडचण मुंबईतल्या कुठल्याही दीड खोलीची आहे. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, समुद्रही पश्चिमेलाच दिसतो. पण दुपारचे तापलेले ऊनही तिकडूनच येते, आणि पावसाची आडवी झड तिकडूनच मारते. खिडकी उघडी ठेवावी तर ऊन-पाऊस घरात, लावून घ्यावी तर घुसमट. जुन्या बंगल्यांनी याला व्हरांड्याने उत्तर दिले होते. खोल्या मधे आणि भोवती सावलीचा पट्टा. हा पट्टा उंच इमारतीत न्यायचा कसा, हा कोरियांपुढचा पेच होता. त्यांनी तो कोपऱ्यात गोळा केला, दोन मजले उंच केला आणि त्याची बाग केली. झड आली तर ती त्या बागेत पडते, ऊन तिथेच अडते, वारा मात्र आरपार जातो. दुरून पाहणाऱ्याला ते कापलेले कोपरे शिल्पासारखे वाटतात. मला त्यांच्यात अजूनही ओटी आणि पडवी दिसते. त्या आकाराचा जन्म हौसेतून झालेला नाही, पश्चिमेच्या अडचणीतून झाला आहे. आजच्या हिशेबात ते कोपरे कुणाला परवडले असते असे मला वाटत नाही.

कोरियांचेच बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज त्याच दशकातले, सिडकोसाठी केलेले. तिथली अट गरिबीची होती. सुमारे साडेपाच हेक्टरात जवळपास साडेपाचशे कुटुंबे बसवायची, तीही लिफ्टच्या इमारतींत न घालता. सात घरांचा एक घोळका आणि मधे आठ मीटर बाय आठ मीटरचे अंगण. असे तीन घोळके मिळून आणखी एक मोठे अंगण. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. आणि घरांबाबत एक पथ्य, कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. विद्यार्थी असताना हे ऐकले तेव्हा मला तो उधळेपणा वाटला होता. पैसे नाहीत तर भिंत वाटून घ्यावी, हे कुणीही सांगेल. पण सामाईक भिंत म्हणजे मुलाचे लग्न झाले तरी शेजाऱ्याला विचारल्याशिवाय वर खोली चढत नाही. भिंत आपली असली की घर कुटुंबाबरोबर वाढते. आज तिथे मूळची कौलारू घरे थोडीच उरली आहेत, पुष्कळांनी ती पाडून मोठी बांधली. काहीजण याला अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. घरे वाढावीत म्हणूनच तर ती तशी आखली होती.

वीसेक वर्षांनी चिलीतल्या इकिके शहरात आर्किटेक्ट अलेहांद्रो आरावेना आणि त्यांच्या एलेमेंताल या गटापुढे असाच प्रश्न आला. अर्धा हेक्टर जागा, शंभरेक कुटुंबे आणि प्रत्येक कुटुंबामागे साडेसात हजार डॉलरचे अनुदान, त्यातच जमिनीचीही किंमत. एवढ्यात पूर्ण घर होत नव्हते. त्यांनी लहान घर न बांधता चांगल्या घराचा अर्धा भाग बांधला. तोही अवघड अर्धा: सांगाडा, जिना, मोरी, स्वयंपाकघर. उरलेली जागा रिकामी सोडली आणि ती कुटुंबांनी आपापल्या ऐपतीने भरली. आरावेनांना २०१६ चे प्रिट्झकर, वास्तुकलेतले सर्वात मानाचे पारितोषिक, मिळाले त्यात या कामाचा मोठा वाटा होता. आणि केरळातले आर्किटेक्ट लॉरी बेकर? त्यांचे बहुतेक सगळे सौंदर्य काटकसरीतून आले. विटा आडव्या न घालता कडेवर उभ्या लावल्या, मधे पोकळी ठेवली, की सुमारे पाव विटा वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. खिडकीची चौकट, गज आणि काच परवडत नाही तर विटांचीच जाळी. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या आवारात उन्हाच्या वेळी त्या जाळ्यांतून जमिनीवर पडलेली नक्षी पाहिली की एकही पैसा सजावटीवर गेलेला नाही हे सांगूनही खरे वाटत नाही.

आता आपल्या नियमांकडे येतो.

१९९१ च्या मुंबईच्या नियमावलीत बाल्कनीला ठराविक मर्यादेपर्यंत एफएसआयमधून सूट होती. फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरचे झाडांचे कठडे), कोनाडे, व्हॉइड (मजल्यातल्या मोकळ्या पोकळ्या) हेही मोजले जात नसत. हेतू चांगला होता. पुढे काय झाले ते तुमच्या फायलींत आहे आणि आम्ही ते स्वतःच्या हातांनी काढले आहे. फ्लॉवर बेड रुंद होत गेले, त्यांत माती कधी पडलीच नाही, आणि भोगवटा प्रमाणपत्र हातात आले की मधली भिंत उडवून ते खोलीत जाऊ लागले. जानेवारी २०१२ मध्ये तुम्ही हे सगळे मोजायला लावले आणि भरपाई म्हणून निवासी इमारतींना ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल, म्हणजे कुठेही वापरता येणारा जादा, एफएसआय दिला. निदान बरोबर होते. त्या लबाडीत आमच्या व्यवसायाचा वाटा मोठा होता, हे मी जाहीरपणे मान्य करतो. पण खोट्या फ्लॉवर बेडबरोबर खरी गॅलरीही गेली. उघड्या गॅलरीचा फूट आणि बंद बेडरूमचा फूट एकाच दराने मोजला गेला, की गॅलरी कोण ठेवील? गेल्या दहा-बारा वर्षांतल्या टॉवरच्या पश्चिमेकडच्या भिंती एकदा निवांत पाहा. काच, काच आणि तिच्या खाली एसीचे डबे.

मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रित नियमावली आहे. पी-लाइनच्या, म्हणजे मजल्याच्या बाहेरच्या कडेच्या, आतले सगळे धरायचे, बाल्कनीसकट. हिशेब सोपा झाला, मंजुरीतली ओढाताण कमी झाली, आणि याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. कोकणातल्या घराला पडवी लागते, चंद्रपूरच्या घराला जाड भिंत. पडवी चटईत, जाड भिंतही चटईत. म्हणजे हवामानाला शहाणपणाने उत्तर देणाऱ्याला दोन्हीकडे दंड आहे, आणि चार इंची भिंत बांधून एसीला भोक ठेवणाऱ्याला बक्षीस.

हे फक्त आपल्याकडे घडले असे नाही. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये रस्त्यावर उजेड राहावा म्हणून उंच इमारतींना पायरीपायरीने मागे सरकायला लावले. त्या एका अटीतून त्या शहराची ओळखच तयार झाली. एम्पायर स्टेटचा आकार त्या पायऱ्यांचाच आहे. १९६१ मध्ये त्याच शहराने खाली मोकळा चौक सोडणाऱ्याला जादा क्षेत्र द्यायला सुरुवात केली, आणि कुणीही बसत नाही असे कितीतरी ओसाड, उन्हाचे फरसबंद तुकडे तयार झाले. पहिला नियम उजेडाबद्दल होता, दुसरा फुटांच्या बदल्यात फुटांबद्दल. आपला फ्लॉवर बेड आणि त्यांचा चौक हे भाऊ-भाऊच.

फुटांचा नियम कुरूप इमारती देतो एवढेच असते तर मी हे पत्र लिहिले नसते. गोवंडी-मानखुर्दकडच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांसोबत केला. तो २०१८ मध्ये बाहेर आला. तिथे इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर आहे, खालच्या मजल्यांना ऊन जवळजवळ मिळत नाही, आणि क्षयरोगाचा संबंध या उजेड-वाऱ्याच्या अभावाशी त्यांना आढळला. झोपडपट्टी पुनर्वसनात अंतरांची सूट नियमानेच मिळते. घराचे क्षेत्रफळ मात्र दर वेळी वाढवले गेले: २२५ चौरस फूट, मग २६९, मग ३००. चटई मोठी होत गेली आणि आकाश संपले. प्लेगनंतर ज्या शहराने उजेडाचा कोन मोजायला घेतला, त्याच शहरात शंभर वर्षांनी ही वेळ आली आहे. त्यांतल्या एका वसाहतीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत मी सकाळी अकरा वाजता उभा होतो. बाई ट्यूबलाइट लावून भाजी निवडत होत्या. मी खिडकीबाहेर हात काढला तर समोरच्या खिडकीतला माणूस दचकला.

म्हणून माझे मागणे असे आहे.

उजेडाची अट परत आणा, आणि ती सगळ्यात खालच्या राहत्या खोलीला लावा. कोन साडेत्रेसष्टच असावा असा माझा हट्ट नाही. वीस-तीस मजल्यांच्या शहरात निम्म्या उंचीएवढे अंतर सोडणे जमणार नाही हे मलाही कळते. तज्ज्ञांना बसवून कोन ठरवा, हिवाळ्यातल्या उन्हाचे तास ठरवा. पण एकदा ठरले की प्रीमियम भरून ते माफ होता कामा नये. मोकळ्या जागेतल्या कमतरतेसाठी पैसे घेण्याची आजची पद्धत मला सगळ्यात जास्त बोचते. प्रीमियम विकासक भरतो, तो तिजोरीत जातो, आणि अंधार ज्याच्या वाट्याला येतो तो त्या व्यवहारात कुठेच नसतो. आमच्या दृष्टीनेही ही सूट घातकच आहे. सूट विकत मिळते तोवर कोणताही विकासक मला इमारत वळवून, कापून, पायऱ्या करून उजेड शोधायला वेळ देणार नाही. ती मिळेनाशी झाली की दुसऱ्या दिवशी तोच माझ्याकडे येऊन विचारील, आता काय करता येईल?

दुसरे, खरी गॅलरी एफएसआयबाहेर काढा. तुम्ही म्हणाल, लोक ती बंद करून घेतात. घेतात. पण कुठली घेतात ते पाहा. अडीच-तीन फुटांची बाल्कनी बसायला निरुपयोगी असते आणि खोलीला जोडायला अगदी सोयीची, म्हणून ती आधी जाते. निदान पाच फूट खोल असेल, एका बाजूने पूर्ण उघडी असेल, एकाआड एक मजल्यावर सरकवून दोन मजले उंच ठेवली असेल, तर ती बंद करणे महाग आणि विचित्र पडते. राहत्या खोल्यांची अट इतकी बारकाईने लिहिता, तशी गॅलरीची लिहा. आणि ही सूट पश्चिम व दक्षिणेच्या बाजूलाच द्या. उत्तरेकडे गॅलरी सावलीसाठी लागत नाही.

तिसरे तर तयारच आहे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता काढली. भिंती-खिडक्यांतून घरात येणारी उष्णता सरासरी १५ वॅट प्रति चौरस मीटरच्या आत असावी, आणि मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत उघडता येणाऱ्या खिडक्या घराच्या चटई क्षेत्राच्या निदान एक षष्ठांश असाव्यात, असे ती सांगते. हवामान बदलले की खिडकीचे प्रमाण बदलते. भिंत कशाची असावी, खिडकी कुठे असावी, छज्जा किती असावा यात ती नाक खुपसत नाही. ही खरी अट. हिच्यातून रत्नागिरीचे उत्तर वेगळे निघेल, चंद्रपूरचे वेगळे, आणि एकाच गल्लीतल्या दोन आर्किटेक्टांचेही वेगळे निघेल. ती नियमावलीच्या गाभ्यात आणा. नकाशाबरोबर एरिया स्टेटमेंट मागता, तसेच उष्णतेचे आणि वाऱ्याचे विवरणपत्र मागा. ते नसेल तर फाइल परत पाठवा. माझीसुद्धा.

यामुळे मंजुरीला उशीर होईल, छोट्या ऑफिसांना हे जड जाईल, अशी हरकत येईल. पहिले वर्षभर जड जाईलच. एफएसआयचे गणितही एकेकाळी नवे होते, आज ते एक्सेलच्या एका पानात बसते.

नियमावलीत बदल करताना तुम्ही वर्तमानपत्रात सूचना देऊन हरकती मागवता. त्या सूचनांत क्षेत्रफळाचे तक्ते असतात, इमारतीचा उभा छेद, म्हणजे ती उभी कापून आतून दाखवणारे चित्र, कधी नसतो. पुढच्या दुरुस्तीच्या मसुद्याला एक पान जोडा: समोरासमोर दोन इमारती, मधली गल्ली, तळमजल्यावरच्या खोलीत बसलेली एक बाई आणि तिच्या डोळ्यांपासून वर गेलेली रेष. ते पान काढून द्यायला मी आणि माझ्या ऑफिसातली मुले तयार आहोत, कोणतेही मानधन न घेता. कोनाचा आकडा तेवढा तुम्ही भरा.

आपला,
एक आर्किटेक्ट